केबल लावली की एकच तार दबते, दुरुस्त केली तरी पुन्हा तेच: अंडरसॅडल पिकअपचं नेहमीचं दुखणं

गिटार नुसती वाजवली की सहाही तारा मस्त भरून वाजतात, आणि तीच केबल लावून अँपमधून ऐकली की एखादी तार कुठेतरी मागे पडते. बहुतेक वेळा पहिली (सगळ्यात बारीक) किंवा सहावी (सगळ्यात जाड), कधीकधी मधल्या तिसरी-चौथी. दुरुस्तीला नेली, तिथे कोणीतरी काहीतरी केलं, थोडे दिवस बरी चालली, आणि मग नवीन तारा टाकल्या किंवा हवा बदलली की परत तेच सुरू. इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारवाल्यांकडून ही तक्रार सारखी ऐकू येते आणि हिच्यापायी पैसे चुकीच्या जागी जातात, म्हणजे लोक केबल बदलतात, प्रीअँप (अँपच्या आधी सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) बदलतात, कधी अख्खा पिकअप (तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) बदलतात, आणि ती तार तशीच दबलेली राहते. तर मुद्दा आधीच सांगते, एकच तार दबत असेल आणि पिकअप सॅडलच्या (ब्रिजवरच्या खाचेत बसवलेली, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) खाली असेल तर दोष जवळपास नेहमी सॅडलच्या बुडाशी असतो, आणि तो परत येतो कारण बूड सपाट न करता खाली कागदाचं पॅकिंग देऊन वेळ मारून नेलेली असते.

पण आधी तुमच्या गिटारीत पिकअप कुठला आहे ते बघा, कारण सगळ्या अकूस्टिक पिकअपना एकच औषध चालत नाही. साउंडहोलच्या तोंडावर आडवी पट्टी बसवलेली असेल तर तो मॅग्नेटिक. तो इलेक्ट्रिक गिटारीसारखाच चालतो, लोहचुंबकाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि वर हलणारी स्टीलची तार. गिब्सनने १९५४ मध्ये आणलेल्या जे-१६०ई मध्ये असाच मॅग्नेटिक पिकअप फिंगरबोर्डच्या टोकाशी होता. यात तारांचा तोल बिघडायचं कारण वेगळं आहे, अकूस्टिकच्या जाड तारांवर ब्राँझ गुंडाळलेलं असतं आणि ब्राँझला चुंबक विचारत नाही, त्यामुळे फक्त आतला स्टीलचा गाभा मोजला जातो, आणि पहिली-दुसरी तार सगळी स्टीलचीच असल्यामुळे ती, त्यातही दुसरी, अंगावर येते. तिथे पोल पीसचे (प्रत्येक तारेखालच्या चुंबकाच्या टोकाचे) स्क्रू असतील तर दुसऱ्या तारेखालचा स्क्रू खाली घ्यायचा, नसतील तर निकेल गुंडाळलेल्या तारा लावून बघायच्या. फळीच्या आतून चिकटवलेल्या चकत्या असतील तर तो काँटॅक्ट पिकअप, तिथे एखादी चकती सुटली किंवा अर्धवट चिकटली की त्या बाजूच्या तारा मंद होतात. खालचं सगळं लिखाण तिसऱ्या आणि सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकाराबद्दल आहे, म्हणजे बाहेरून काहीच दिसत नाही, गिटारीच्या कडेला ईक्यूचे (खर्ज आणि वरचे सूर कमी-जास्त करायचे) खटके किंवा साउंडहोलच्या काठाशी छोटं व्हॉल्यूम चाक, आणि पिकअप स्वतः सॅडलखालच्या खाचेत झोपलेला.

हा पिझो. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्यात विद्युत दाब तयार होतो हे पियेर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं, आणि पुढे १९६९ मध्ये हेइजी कावाई यांना पीव्हीडीएफ नावाच्या प्लास्टिकच्या फिल्ममध्येही तोच गुण जोरदार सापडला. गिटारीत दोन्ही वापरतात, कुठे सिरॅमिकचे छोटे तुकडे एका पट्टीत ओळीने बसवलेले असतात, कुठे फिल्मची लांब पट्टी किंवा विणलेल्या जाळीतली गोल वायर असते. तार कंप पावते तेव्हा सॅडलवरचा तिचा दाब कमी-जास्त होत राहतो, सेकंदाला शेकडो वेळा, आणि पिझो फक्त तो बदल ओळखतो. स्थिर दाबाने आवाज निघत नाही, पण स्थिर दाब हवाच, कारण सॅडल आणि एलिमेंट (म्हणजे पिझोची ती पट्टी किंवा वायर) एकमेकांना घट्ट भिडलेले नसतील तर तारेची थरथर खाली पोचतच नाही. इथेच सगळी गोम आहे. सहा तारा मिळून ओढ साधारण ७० किलोच्या आसपास असते (१२-५३ चा सेट, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१२ आणि सगळ्यात जाड ०.०५३ इंचाची, नेहमीचं ट्यूनिंग), त्यातला काही भाग सॅडलला खाली दाबतो, पण सॅडल हाडाची किंवा कडक प्लास्टिकची ताठ पट्टी आहे, ती वाकून एलिमेंटच्या अंगाला बसत नाही. डुगडुगणाऱ्या टेबलावर कितीही वजन ठेवलं तरी उचललेला पाय जमिनीला टेकत नाही, तसंच. बूड कुठे जरा उचललेलं असेल तर तेवढ्या जागेवरची तार अँपमध्ये दबते, आणि नुसती वाजवताना मात्र कळतही नाही कारण तिचा आवाज सॅडलमधून, ब्रिजमधून, फळीत इतर वाटांनी जातोच.

आता दोष खरंच तिथे आहे का हे सॅडल काढायच्या आधी पक्कं करून घ्या. प्रीअँपला, केबलला, अँपला तार म्हणजे काय ते माहीत नसतं, त्यांच्याकडे सहाही तारांचा मिळून एकच सिग्नल येतो. त्यांना फक्त कमी-जास्त फ्रिक्वेन्सी कळतात. म्हणून एकच सूर दोन वेगवेगळ्या तारांवर वाजवून बघायचा, आपण कानाने ट्यूनिंग करताना करतो तसंच. सहावीचा पाचवा फ्रेट आणि पाचवी मोकळी, दोन्ही ११० हर्ट्झ. पाचवीचा पाचवा आणि चौथी मोकळी, दोन्ही १४७. चौथीचा पाचवा आणि तिसरी मोकळी, १९६. तिसरीचा मात्र चौथा फ्रेट आणि दुसरी मोकळी, २४७. दुसरीचा पाचवा आणि पहिली मोकळी, ३३०. सूर तोच असून एका तारेवर आवाज पुरेसा आणि दुसरीवर मंद, तर दोष त्या तारेपाशीच आहे, केबल-प्रीअँप-अँपमध्ये नाही. पण दोन्ही तारांवर तो सूर सारखाच मंद येत असेल तर तार निर्दोष, तुमचा ईक्यू किंवा नॉच फिल्टर (एकाच फ्रिक्वेन्सीच्या आसपासचा आवाज कापणारं बटण) तो सूर खातोय. हे खूपदा होतं, कारण फीडबॅक (अँपचा आवाज पिकअपमध्ये परत शिरून होणारा घुमारा) मारायला कोणीतरी नॉच साधारण १०० हर्ट्झच्या जवळ लावून ठेवलेला असतो (मोठ्या गिटारीच्या पोटातली हवा तिथेच घुमते), मग स्टेजवरून घरी आल्यावर तो तसाच राहतो आणि मोकळी पाचवी अशक्त वाटायला लागते. पिकअपसोबत आत माइक असेल आणि दोन्ही मिसळलेले असतील तर फेजचं (एका सिग्नलच्या लाटा उलट्या करणारं) बटण उलटसुलट करून ऐका, दोन सिग्नल एकमेकांना खाऊन टाकतात तेव्हा सगळा खर्जच पातळ होतो.

खर्जाच्या बाबतीत एक जोडीला सांगते. तुमच्या गिटारीत बॅटरीच नसेल, म्हणजे पिझो थेट जॅकला जोडलेला असेल, तर सहावी-पाचवी दबल्यासारखी वाटण्याचं कारण समोरच्या यंत्राचं इनपुट असू शकतं. पिझो हा विजेच्या भाषेत छोटा कपॅसिटर आहे. समजा तो ५०० पिकोफॅरड आहे, तर १ मेगाओहमच्या (म्हणजे तेवढा विद्युत रोध असलेल्या) इनपुटला लावल्यावर ३१८ हर्ट्झच्या खालचं सगळं उतरायला लागतं, आणि सहावी मोकळी तार तर ८२ हर्ट्झची आहे. तोच १० मेगाओहमच्या इनपुटला लावला की ही हद्द ३२ हर्ट्झवर जाते, म्हणजे खर्ज शाबूत. मिक्सरच्या १० किलोओहमच्या लाइन इनपुटला लावला तर हद्द ३२ हजार हर्ट्झच्या जवळ, मग नुसता पत्र्यासारखा किरकिर आवाज. अशा गिटारीला पिझोसाठी बनवलेला बाहेरचा प्रीअँप लागतोच. आत बॅटरीवाला प्रीअँप असेल तर ही भानगड तिथेच मिटलेली असते, लक्ष देऊ नका.

बरं, तार ठरली. आता सॅडल न काढताच बरंच काही वाचता येतं. अँप मंद ठेवा, ईक्यू मधोमध, आणि अंगठ्याने एकेक मोकळी तार सारख्या जोराने छेडत सहाही ऐका, जमलं तर मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून मीटर बघा कारण कान पटकन फसतो. दोन-तीन डेसिबलचा फरक असेल तर सोडून द्या, तेवढा फरक तारांमध्ये असतोच. सहा डेसिबल म्हणजे सिग्नल अर्धा, तो मात्र नक्की ऐकू येतो. मग मंद तारांचा नमुना बघा. दोन्ही कडेच्या तारा मंद आणि मधल्या जोरदार, तर सॅडलच्या बुडाला किंवा खाचेच्या तळाला मध्ये फुगवटा आहे. मधल्या मंद आणि कडा जोरदार, तर मध्ये खळगा आहे. एकच कडेची तार मंद, तर एलिमेंटची वायर ज्या भोकातून आत जाते ते भोक त्याच बाजूला आहे का ते आठवा, किंवा सॅडल त्या टोकाला खाचेत अडकलंय. मधलीच एक तार एकटी मंद, तर खाली कचरा, किंवा सॅडलला त्या जागी चीर, किंवा सुट्या सिरॅमिक तुकड्यांचा एलिमेंट असेल तर त्यातला एक तुकडा गेलेला.

तारही तपासून घ्या, फार लोक विसरतात. बॉल एंड (तारेच्या टोकाचा धातूचा मणी) आतल्या ब्रिज प्लेटला (ब्रिजखाली आतून लावलेली लाकडी पट्टी) टेकलाय का पिनच्या (तार ब्रिजमध्ये अडकवणारी खुंटी) टोकावर अडकलाय ते तार थोडी ओढून बघा, पिन वर येत असेल तर अडकलाय. आणि तार सॅडलवरून पिनकडे कितीशा कोनात उतरते तेही बघा. अ‍ॅक्शन (तारांची फिंगरबोर्डपासूनची उंची) कमी करायच्या नादात सॅडल इतकं घासलेलं असतं की तार जवळजवळ सरळच जाते, मग खाली दाब येणार कुठून, आणि अशा गिटारीत बूड कितीही सपाट केलं तरी आवाज मरगळलेलाच राहतो. तिथे पिनच्या भोकाच्या पुढच्या काठाला तारेसाठी उतार करून घेतला की कोन सुधारतो, पण ते काम जाणकाराकडून करून घ्यावं.

सॅडल काढायची वेळ आली की घाई नको. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा म्हणजे खुंट्यांवरच्या तारांचे वेढे सुटत नाहीत, मग सगळ्या तारा हळूहळू सैल करा, पिन काढून तारा बाजूला घ्या. सॅडलच्या जाड तारेकडच्या टोकाला पेन्सिलने खूण करा, कारण उलटं बसवलं की इंटोनेशनही (फ्रेट दाबल्यावर सूर बरोबर लागणं) जातं आणि उंचीही. कापड गुंडाळलेल्या पकडीने सरळ वर उचला, तिरकं ओढू नका, खाचेची भिंत तुटते. आणि आत दिसणारी एलिमेंटची पट्टी ओढून बघायचा मोह आवरा, तिला जोडलेली बारीक वायर तुटली की मग खरंच नवा पिकअप घ्यावा लागतो.

मागे माझ्याकडे एक गिटार आली होती, तक्रार पहिली तार ऐकू येत नाही अशी, आणि मधल्या काळात तिचा प्रीअँप बदलून झालेला होता. सॅडल उचललं तर खाली पहिल्या-दुसऱ्या तारेच्या बाजूला कागदाचे तुकडे, एकावर एक, खालचा पिवळा पडून एलिमेंटच्या जाळीचा ठसा उमटलेला, वरचा अजून पांढरा. म्हणजे तार दबली की एक तुकडा, परत दबली की त्यावर दुसरा. साध्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते आणि तेवढ्याने तार लगेच परत येते, म्हणून हा उपाय खरा वाटतो. पण कागद मऊ आहे, तारांच्या ओढीखाली तो आठवड्यांमध्ये चेपत जातो, दमट हवेत अजूनच, आणि शिवाय तो तारेची थरथर स्वतःच पिऊन टाकतो. शोधायला कागद उत्तम आहे, मंद तारेखाली एक पट्टी सरकवली आणि तार उठली तर दोष दाबाचाच हे सिद्ध झालं. सिद्ध झाल्यावर तो कागद फेकून द्यायचा.

त्या गिटारीचं सॅडल मी काचेवर उभं धरून मागून टॉर्च मारला तर पहिल्या तारेकडच्या टोकाखालून उजेडाची बारीक रेघ येत होती. वरून बघताना बूड एकदम सरळ वाटत होतं. हे सगळ्यांनी करून बघण्यासारखं आहे, जाड काच किंवा आरसा घ्या, सॅडल त्यावर ठेवा आणि उजेड बघा. मग त्याच काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर दुपदरी टेपने चिकटवा, सुरकुती राहू देऊ नका. सॅडलच्या बुडावर पेन्सिलने एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत आडव्या रेघा मारा, जवळजवळ. काटकोनात कापलेला लाकडी ठोकळा किंवा गुण्या काचेवर उभा ठेवून त्याच्या अंगाला सॅडल टेकवून धरा म्हणजे बूड तिरकं घासलं जाणार नाही, आणि एकाच दिशेला लांब ओढा, पुढे-मागे करत बसू नका कारण त्याने टोकं गोल होतात. चार-पाच ओढी झाल्या की उलटं करून बघा. जिथल्या रेघा पुसल्या ती जागा उंच, जिथल्या तशाच राहिल्या ती खोल. त्या सॅडलला मधल्या रेघा लगेच गेल्या आणि पहिल्या तारेखालच्या शेवटपर्यंत टिकून होत्या. सगळ्या रेघा एकसारख्या पुसल्या गेल्या की थांबायचं, मग ४०० नंबरवर दोन-चार ओढी आणि झालं. अ‍ॅक्शन खाली जाईल म्हणून घाबरू नका, सॅडल ०.२ मिलिमीटर कमी झालं तर बाराव्या फ्रेटवर तार जेमतेम ०.१ मिलिमीटर खाली येते. बोटांनी दाब मात्र मधोमध आणि हलका ठेवा, एका टोकावर जास्त जोर दिला तर तुम्ही नवा उतार तयार करताय.

आता खाच. बूड सपाट असून तार उठली नाही तर खाचेचा तळ बघावा लागतो. आधी फुंकर किंवा मऊ ब्रश, लाकडाचा एखादा भुसा एलिमेंटखाली बसलेला असतो आणि तोच उंचवटा असतो, विशेषतः पिकअप नंतर बसवून घेतला असेल तर. पट्टी पिळलेली नाही ना, तळाला चिकटून सपाट बसली आहे ना, काही एलिमेंटना वरची-खालची बाजू असते ती बरोबर आहे ना. सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे वायर आत उतरते ते भोक. ते सरळ खाली पाडलेलं असेल आणि त्याचा काठ धारदार असेल तर एलिमेंट तिथे कोपऱ्यासारखा वाकतो आणि वाकताना खाचेतून जरा वर उचलला जातो, मग त्या कडेची तार एक तर फार जोरात येते आणि शेजारची दबते, किंवा एलिमेंटचा तेवढा भागच कामातून जातो. काठ गोल करून भोक तिरकं केलं की वळण सैल होतं. हे भोक सुधारायचं काम एलिमेंट पूर्ण बाहेर काढल्याशिवाय करू नका.

सॅडलची जाडी तेवढीच महत्त्वाची. खाचा बहुतेक २.४ किंवा ३.२ मिलिमीटर रुंदीच्या असतात. सॅडल बोटांनी आत जायला पाहिजे आणि बोटांनीच बाहेर यायला पाहिजे, गिटार उलटी केली तर मात्र पडता कामा नये. ठोकून बसवावं लागत असेल तर ते भिंतींवर लटकतं आणि दाब तळापर्यंत जात नाही, तेव्हा सॅडलची अंगं हलक्या हाताने घासा, खाच कोरू नका. सैल असेल तर तारांच्या ओढीने ते गळ्याकडे झुकतं आणि बुडाची फक्त पुढची धार एलिमेंटवर टेकते, यात सगळ्याच तारा थोड्या पातळ होतात आणि तोलही रोज वेगळा लागतो. याला उपाय जाड सॅडल नव्याने बनवून घेणं हाच. बाजूने कागद-टेप भरून घट्ट करणारे खूप आहेत, पण ते पुन्हा तेच पॅकिंग झालं. जुन्या हाडाच्या सॅडलमध्ये कधीकधी एखादी जागा सच्छिद्र असते, बूड-खाच-एलिमेंट सगळं बरोबर असून एकच तार ऐकेना तर दुसऱ्या चांगल्या, एकसारख्या घट्टपणाच्या मटेरियलचं सॅडल करून बघण्यात अर्थ आहे. दोन तुकड्यांचं सॅडल असेल तर प्रत्येक तुकडा वेगळा तपासायचा, आणि टाकामिनेच्या पॅलाथेटिकसारख्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली स्वतंत्र पिझो असतो, तिथे बूड जरा जरी चुकलं तरी लगेच कळतं.

सॅडल बाहेर आहे तोवर एलिमेंट जिवंत आहे का तेही पाहून घ्या. केबल लावा, आवाज अगदी कमी ठेवा, आणि पेन्सिलच्या मागच्या रबराने पट्टीवर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत हलकेच टकटक करत जा. सगळीकडे सारखा ठक आला तर एलिमेंट ठीक. एका जागी एकदम शांतता असेल तर तिथला तुकडा गेला, आता घासून काही होणार नाही, एलिमेंट बदलायचा. मला वाटतं पैसे खर्च करायच्या आधी ही एक टकटक प्रत्येकाने करावी, कारण बदललेल्या पिकअपांपैकी कितीतरी या परीक्षेत सहज पास झाले असते.

आता सगळं नीट करूनही काही महिन्यांनी परत का येतं ते. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. दमट हवेत वरची फळी फुगते, ब्रिजच्या मागचा भाग वर येतो, ब्रिज स्वतः किंचित वाकतो आणि त्याच्याबरोबर खाचेचा तळही. कोरड्या हवेत उलटं, फळी खाली बसते, खाच आवळते आणि काल सहज जाणारं सॅडल आज अडकून बसतं. म्हणजे सॅडलचं बूड तुम्ही सरळ केलं पण ते ज्यावर बसतं ते हललं. म्हणून घासायचं काम गिटार तिच्या नेहमीच्या हवेत काही दिवस राहिल्यावर आणि नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये असताना तपासून मगच करा, प्रवासातून आल्या आल्या नको. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवता आली तर अर्धी तक्रार येतच नाही, केसमध्ये एक छोटा हायग्रोमीटर ठेवला की अंदाज राहतो. फळी कायमचीच फुगलेली असेल, ब्रिजच्या मागे पट्टी ठेवून बघितलं की दोन्ही बाजूंना मोठी फट दिसत असेल, तर खाच पुन्हा सरळ करून घ्यावी लागते, आणि ते राउटरचं (लाकडात खाच कोरायचं यंत्र) काम आहे.

परत बसवताना खूण बघून सॅडल आत, बोटाने दोन्ही टोकं आणि मध्य दाबून घ्या, तारा हळूहळू आणि दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून चढवा म्हणजे एक टोक आधी दाबलं जाणार नाही. पूर्ण सुरात आल्यावर प्रत्येक तार जरा ताणा, सूर परत लावा, मग मीटरवर सहाही तारा बघा. लगेच निकाल लावू नका. विशेषतः फिल्मचा एलिमेंट दाबाखाली बसायला दिवस-दोन दिवस घेतो, पहिल्या दिवशी थोडी मंद वाटणारी तार दुसऱ्या दिवशी आपणहून बरोबरीला येते. नवीन तारा टाकताना सॅडल बाहेर आलंच तर खाच पुसून मगच परत ठेवा.

सगळ्या तारा एकदम दबत असतील, फुटत असतील किंवा खरखर असेल तर हे काहीच करू नका, ती वेगळी गोष्ट आहे. जोरात वाजवलं की आवाज फाटतो, तर ९ व्होल्टची बॅटरी मोजा, ७ च्या खाली गेली असेल तर बदला. बॅटरी सारखी संपत असेल तर केबल लावून ठेवायची सवय आहे का बघा, या गिटारींचा जॅक स्टिरिओ असतो आणि साधा मोनो प्लग आत गेला की जॅकच्या रिंगमधून बॅटरीचा निगेटिव्ह जोडला जातो, म्हणजे केबल आत असेपर्यंत प्रीअँप चालूच. केबल हलवली की खरखर येत असेल तर एंडपिन जॅकची नट सैल झालीय, पण नट आवळताना आतला जॅक फिरू देऊ नका, आतल्या वायरी पिळून तुटतात, आधी जॅकला आतून धरा. तारांना हात लावला की हम कमी होत असेल तर कुठेतरी अर्थिंग किंवा शिल्ड सुटलंय.

दुरुस्तीला द्यायचीच वेळ आली तर नुसतं पिकअप खराब आहे असं सांगून गिटार ठेवून येऊ नका. कुठली तार, किती डेसिबल मंद, एकाच सुराची दोन तारांवरची परीक्षा केली तेव्हा काय झालं, टकटक करताना एलिमेंट सगळीकडे वाजला का, आणि कागद ठेवल्यावर तार उठली का, एवढं एका चिठ्ठीवर लिहून केसमध्ये ठेवा. बूड आणि खाच सपाट करून हवी, खाली पॅकिंग नको, हे स्पष्ट सांगा. एलिमेंट बदलायचाच ठरला तर फिल्मच्या पट्टीजवळ सोल्डरिंगची गरम इस्त्री जाऊ देऊ नका, उष्णतेने तिच्यातला पिझोचा गुण मरतो, आणि लांबी जास्त आहे म्हणून पट्टी कापायची असेल तर ती कापता येण्यासारखी आहे का हे तिच्याबरोबर आलेल्या कागदावर आधी वाचा, बऱ्याच पट्ट्या कापल्या की कायमच्या बंद पडतात. नवीन एलिमेंट जुन्यापेक्षा जाड किंवा पातळ असेल तर सॅडलची उंची तेवढीच कमी-जास्त करावी लागते, त्यामुळे जुन्याची जाडी काढायच्या आधी कॅलिपरने मोजून त्याच चिठ्ठीवर लिहून ठेवा.